पूर्ण एक मिनिट

फाटकाशी कडुनिंबाखाली मांडव टाकलाय,
लग्नाचा. कंत्राटदाराकडे दुसरं कापडच नव्हतं.
झालरीवर 'शुभ विवाह' आहे.
उरकुडेनं ती आत दुमडून टाचली,
तरी वाऱ्यानं 'शुभ' तेवढं बाहेर लोंबतं.

माझ्यापुढे टेबल, बांबूला बांधलेलं घड्याळ,
तीन रंगांच्या चिकटपट्ट्या
आणि फेब्रुवारी, जो आमच्या नागपुरात
सकाळी स्वेटर मागतो, दुपारी कुलर.

आधी मास्क. मग खुर्ची. मग बोट.
नाव शेवटी.
या क्रमाचा लोकांना राग येतो.
"नाव तं लिहा ना बाई आधी!"
लिहिते. पण तोवर
गळ्याखालचा खळगा बघून घेते,
दर श्वासाला आत ओढला जातो का;
ओठ बघते;
वाक्य कुठे तुटतं ते ऐकते.
ज्याचं वाक्य पूर्णविरामापर्यंत पोचतं
त्याला थांबता येईल.
ज्याच्या 'पा' आणि 'णी'मध्ये
एक अख्खा श्वास मावतो,
त्याला नाही.

ओरडणारा बहुधा हिरवा असतो.
हे मी मांडवात कुणाला सांगत नाही.
सकाळी महालातले एक वकील आले,
ओळखी सांगू लागले,
आठ नावं, हुद्द्यांसकट, एका दमात.
मी मनात म्हटलं, दम चांगला आहे.
हिरवी.

अकराच्या सुमारास गोळीबार चौकातून
सेवकराम पराते आले, ई-रिक्षात बायकोला घेऊन.
दुरपताबाई खोकत होत्या, रडत होत्या,
"मरून राहिली वं माय मी" म्हणत होत्या.
ते बाजूला उभे. हातात पिशवी,
पिशवीत आधार, रेशनकार्ड, एक वाटी.
दवाखान्यात वाटी भेटत नाही म्हणून.

बाईंचे चोवीस श्वास. मशीनवर चौऱ्याण्णव.
पिवळी. बसा, बाई.
मग त्यांना विचारलं, ताप कधीपासून?
"तिले ना... परवा... पासून."
मी पेन खाली ठेवलं.
"तुम्ही बसा."
"मी कायले? मी तं... घेऊन... आलो."

बोट दिलं ते निळं.
रंगाऱ्याचं बोट, नखात मुरलेली सुताची नीळ.
पुसलं, चोळलं, तरी मशीन नुसत्या रेघा दाखवी.
नखं निळी की माणूस निळा,
त्यालाही कळेना, मलाही.

मग जुनंच.
एक डोळा छातीवर, एक घड्याळावर.
जांभुळकर मॅडम म्हणायच्या,
अर्धं मोजून दुप्पट करू नको गं,
अर्ध्या मिनिटात माणूस खोटं बोलू शकतो.
वकील विचारतात, किती वेळ अजून?
एकोणीस, वीस.
रांगेत कुणाची तरी चप्पल तुटते.
सव्वीस.
सेवकराम माझ्याकडे बघून हसतात,
पाहुण्याकडे बसल्यासारखे, अवघडून.
एकतीस, बत्तीस,
काटा अजून आठावर.
एकोणचाळीस.

लाल पट्टी मनगटावर.
उरकुडे स्ट्रेचर घेऊन धावला.
आत ऑक्सिजनची एक जागा होती, ती गेली.
वीस मिनिटांनी हिंगण्याची पोरगी आली,
बावीस वर्षांची, तीही लाल.
तिला व्हरांड्यात, चाकांच्या सिलिंडरवर.
रंग तीनच आहेत.
दोन लालांत आधी कोण,
याची पट्टी अजून कुणी पाठवलेली नाही.
आधी आला तो आधी, असं मी म्हटलं.
डॉक्टर खोब्रागडे काही बोलले नाहीत.

दुरपताबाईंचा खोकला एकदम थांबला होता.
"अवो, ह्यायले कुठं नेता?
बिमार तं मी हावो."

पाचला त्या टेबलाशी आल्या.
वाटी माझ्याकडेच राहिली होती, घड्याळाखाली.
"द्या ना. पाणी मागून राहिले."
मी विचारलं, सलग म्हणाले?
"सलग मंजे?"
काही नाही, म्हटलं. न्या वाटी.

पुढचे, या.
आधी मास्क.